बऱ्यापैकी समाधानी

चंद्रपूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानीस इंदुआत्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, तुझे कुशल कळवावे.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून कागद घेतला. शहरातली कोणती वस्ती राहायला किती चांगली, हे तुझ्या संस्थेनं मोजलं. त्याचा तक्ता काल वॉर्डाच्या ऑफिसात लागला. आमची रेल्वेच्या सायडिंगमागची वस्ती शंभरात एकोणऐंशी गुण घेऊन दुसरी आली! पेढे कोणी वाटायचे, असं शेजारच्या शकुबाईनं मला तोंडावर विचारलं. ज्या वस्तीला सगळ्यात कमी गुण, तिथले कोळशाचे ट्रक आधी वळणरस्त्यानं जाणार होते. तो रस्ता आता भलत्याच वस्तीला गेला. आमच्या दारावरून ट्रक तसेच धडधडणार, आणि हा पराक्रम माझ्या सख्ख्या भाचीचा.

आमच्या घरी येऊन हवेच्या प्रश्नापुढे तू 'बऱ्यापैकी समाधानी' अशी खूण केलीस म्हणे. कोणत्या डोळ्यांनी बघितलंस? इथे वाळत घातलेलं धोतर दुपारपर्यंत काळं पडतं. शिकून शहाणी झालीस की आंधळी, ते कळव.

लोभ आजवर होता. पुढचं तुझ्या उत्तरावर.
इंदुआत्या

नागपूर, १० फेब्रुवारी

ती. आत्यास दिव्यानीचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. आंधळी मी नाही, आणि बहिरीही नाही. हवा कशी, विचारलं. तुम्ही म्हणालात 'बरं हाय'. पाणी? 'बरं हाय.' ट्रकांचा आवाज? 'चालते ना, सवय झाली.' आमच्या फॉर्मवर 'बरं' या शब्दाला 'बऱ्यापैकी समाधानी' हाच रकाना आहे. शकुबाईंनीही पाण्याचा गडू पुढे करत हेच उत्तर दिलं. अख्ख्या वस्तीत एकानं तरी 'वाईट' म्हणावं की नाही?

ओसरी इतकी लखलखीत पुसलेली होती की पाय ठेवायला संकोच वाटला. नानाजीमामा कुठे, विचारलं, तर म्हणालात, लग्नाला गोंडपिपरीला गेलेत. आतल्या खोलीत मात्र कोणीतरी तोंडात कापड कोंबून खोकत होतं. तो शेजारचा लटारू, असं सांगून तुम्ही माझ्या चहात आणखी साखर घातलीत. घरात श्वासाचा आजार आहे का, या प्रश्नाला तुमचं उत्तर 'नाई'. मी 'नाही' लिहिलं.

तुमचं पत्र मी साहेबांना दाखवलं. 'इकडे सर्व क्षेम' ही पहिली ओळ वाचून ते हसले आणि पत्र परत दिलं. दहा घरांनी १५ मार्चपर्यंत सहीनिशी लेखी हरकत दिली तरच फेरमोजणी होते.

आशीर्वाद परत घेतले नसतील तर असू द्यावेत.
दिव्यानी

चंद्रपूर, १७ फेब्रुवारी

चि. दिव्यानीस आशीर्वाद. ते परत घेत नसतात म्हणून.

आजवर मला अगं-तुगं करणारी तू, आता तुम्ही-आम्ही करायला लागलीस. बरं झालं, फॉर्मवाली बाई कोण आणि भाची कोण ते समजलं.

म्हणजे तुला खोकला ऐकू आला होता! ऐकून 'नाही' लिहिलंस! मी खोटं बोलले, ते माझं मी बघेन. माझ्या लग्नात तुझा बाप भर मांडवात म्हणाला होता, 'धुराच्या गावात बहीण देऊन राह्यलो, रडत परत येईल पाहा.' तीस वर्षं झाली, मी माहेरासमोर साधी शिंकसुद्धा दिली नाही. माहेरचं माणूस दारात आलं की सासरचं दुखणं आत लोटायचं, हे तुझ्याच आजीनं शिकवलं. तू येणार म्हणून त्या दिवशी ओसरी तीनदा पुसली. स्वतःच्या नवऱ्याला, तुझ्या मामांना, मीच म्हटलं, घटकाभर आत बसा, आवाज करू नका. मला वाटलं भाची आली. माझ्या हातचे पोहे दोनदा मागून घेतलेस आणि इन्स्पेक्टरसारखी खूण करून गेलीस.

तुझी कोण, ते तूच ठरव.
इंदु

नागपूर, २२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

खोकला मामांचा, हे मी ओळखलं होतं. सोबत सुपरवायझर होते. आत्याच्या वस्तीला मुद्दाम कमी गुण दिले, असं कोणी म्हणू नये म्हणून मी गप्प बसले. नोकरी नवी आहे. याची लाज वाटते, पण शिव्या पुरेशा खाऊन झाल्या.

मी शकुबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, 'इंदुताई बोलत नाई तर मी काऊन बोलू?' म्हणजे पहिला कागद तुझ्याच घरातून निघायला हवा. तो मला लिहिता येत नाही. तुला येतो. पण तीस वर्षांचा ताठा आधी की मामांचा श्वास, ते तू ठरव.

रागावलीस तरी चालेल, लिही.
दिव्यानी

चंद्रपूर, ११ मार्च

दिव्यानीस,

इकडे क्षेम नाही.

माझ्या घरात नानाजी नावाचा माणूस सहा वर्षांपासून दम्यानं हैराण आहे. दिवसातून तीनदा मशीनची वाफ घेतो, आडवं पडून झोपू शकत नाही. हवेबद्दल समाधान: अजिबात नाही. ट्रकांच्या आवाजाबद्दल: अजिबात नाही. पाहुणीसमोर मी त्याला कोंडून ठेवलं होतं, हेही हरकतीत लिहिलं आहे.

हे मी गल्लीत उभं राहून वाचलं. शकुबाईनं सुनेच्या छातीचा एक्स-रे फोटो आणून दाखवला. अकरा घरांचे कागद सोबत आहेत. अकरावा लटारूचा. मी कधीच खोकत नव्हतो, असं त्यानं वर ठळक लिहून घेतलं.

मामांनी सही स्वतः केली. नाव पुरं होईपर्यंत दोनदा थांबले.

एक प्रत तुझ्या बापाला टाकली आहे. त्याचं मांडवातलं बोलणं निम्मं खरं ठरलं, हे माझ्याच अक्षरात वाचू दे त्याला. परत मात्र मी येत नाही, हेही वाच म्हणावं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. कागद आणि हे पत्र साहेबांच्या हातात दे, आणि पत्राची पहिली ओळ त्यांना मोठ्यानं वाचायला लाव.

इंदुआत्या