चौदा नोकऱ्या

प्रिय शहाण्या,

तू संचालक झाल्यापासून तुला या नावाने हाक मारायची कुणाची छाती होत नसेल, म्हणून मुद्दाम मारली. विद्यापीठामुळे आपल्या भागाची किती भरभराट झाली, ते मोजणारा तुझा अहवाल वाचला. तुझी नजर बारीक आहे, आकडे तपासून दे, असं तूच म्हणालास, म्हणून शेवटच्या पानापर्यंत वाचला. स्टाफरूममध्ये, पंखा बंद पडलेल्या कोपऱ्यात बसून. कायम प्राध्यापकांना तिथे कपाटं आहेत, आम्हा कंत्राटी लोकांच्या पिशव्या खुर्चीला लटकतात. विद्यार्थी खोल्या भाड्याने घेतात, डबे लावतात, झेरॉक्स काढतात, आमचा पगार बाजारात फिरून दुप्पट होतो, हे सगळं तू छान मांडलंयस. माझा पगार घरमालकाकडे जाऊन दुप्पट होत असेल, माझ्याकडे तरी तो महिनाअखेरपर्यंत टिकत नाही.

मग निर्माण झालेल्या नोकऱ्यांचं पान आलं. तू नेमणूकपत्रं मोजलीस. आम्हाला दर सत्र संपलं की काढतात आणि सुट्टीनंतर नव्याने नेमतात, हे तुला ठाऊक नाही असं म्हणू नकोस, तूही असं एक वर्ष काढलं आहेस. वर्षाला दोन सत्रं, म्हणजे सात वर्षांत मी एकटी चौदा नोकऱ्या झाले. आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. तुला फोन केला, तर म्हणालास, एवढं ताणू नकोस, याच आकड्यावर अनुदान यायचं आहे. आणि आकडे बरोबर असल्याच्या पडताळणीच्या कागदावर मी सही केली की माझं पुढच्या सत्राचं पत्रही निघेल, हे जाता जाता अगदी गोड आवाजात सांगितलंस. आईची औषधं माझ्या पगारावर चालतात हे तुला माहीत आहे, म्हणूनच सांगितलंस.

बरेच दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, पेन हातात घेतलंही होतं. पण तुझ्या आईने मला नाकारलं तो दिवस आठवला. मुलगी चांगली आहे, पण तिला धड नोकरी नाही, असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या आणि तू खाली मान घालून चहा पीत राहिलास. तेव्हा तुझ्या घरात कुणाला माझी एक नोकरी दिसली नाही, आता तुला चौदा दिसतात. तुझा कागद याच पाकिटात, सही न करता परत पाठवते आहे. पंधरावी मला नको.

एके काळची तुझीच