तीळ तेवढे परत

एश्बॉर्न, जर्मनी,
८ डिसेंबर २०१५

ती. सौ. चारुलतावहिनी आणि भाऊजी यांना सा. न.

तुमचं पार्सल शुक्रवारी पोचलं. बाजरीचं पीठ दोन किलो, ज्वारीचं दोन, नाचणीचं एक, चवळी अर्धा किलो, चिंचेचा गोळा आणि संक्रांतीसाठी पाव किलो तीळ. तुमचे टपालाचे चार हजार एकशे रुपये, इथे कस्टमचे अठरा युरो, शिवाय कस्टम कचेरीपर्यंत माझं एस-बान लोकलचं तिकीट. एवढ्यात इथल्या दुकानात दुप्पट सामान आलं असतं. असो.

सत्यजितला फ्रांकफुर्टला नोकरी लागली, वाचून बरं वाटलं. जानेवारीअखेर येतो म्हणता. इथे घर मिळेपर्यंत तीन महिने आमच्याकडे राहील, "घरचंच तर आहे" असं चिठ्ठीत लिहिलंत. खोली रिकामी आहे खरी.

ह्यांचे गुडघे थंडीने धरतात, बाकी ठीक. मुक्ता बरी आहे. जावई दावितही बरे.

जावयाची आई, अल्माझबाई, तीन महिन्यांसाठी इथिओपियाहून मुक्ताकडे आल्या आहेत. तुमची नाचणी परातीत काढली तशी चिमूटभर तोंडात टाकून त्या "दागुसा! दागुसा!" करत टाळ्याच पिटायला लागल्या. म्हणाल्या, हे आमच्या डोंगरातलं धान्य. मी म्हटलं, "अहो, काहीतरीच! नाचणी आमच्या कोकणातली." मुक्ताने ते जर्मनमध्ये सांगितल्यावर दावित हसले. म्हणाले, "जाऊ द्या, आई, हजारो वर्षं झाली. आता तुमचीही."

मला पटेना. रविवारी ते मला म्युझियममध्ये घेऊन गेले. मुक्ता पाट्या वाचून दाखवत होती. नाचणी त्यांच्या पहाडांतली. ज्वारी सुदानकडची. बाजरी सहाराच्या खालची. चवळी, चिंच, तीही आफ्रिकेतलीच. आपल्याकडे शेती रुजत होती तेव्हा हे बियाणं तिकडून आलं. एका हाडाचा फोटो होता, त्यावर ओळीने खाचा. वीस हजार वर्षांपूर्वी तिकडे कोणी मोजणी ठेवली असावी, असं म्हणतात. मी त्यापुढे बराच वेळ उभी राहिले. मुक्ता म्हणाली, "आई, हिशेब ठेवणारं हे तुझंच माणूस."

आता तुम्हाला आठवत असेलच, नसेल तर आठवण देते. मागल्या वर्षी गौरीजेवणाला आत सगळ्यांना केळीची पानं होती आणि माझ्या जावयाला बाहेर गॅलरीत कागदी ताटली. भाऊजी म्हणाले होते, "जंगलातली माणसं, त्यांना कसली आलीय पंगत?" ताटलीत काय होतं, वहिनी? तुमच्याच हातची ज्वारीची भाकरी, नाचणीचे पापड, चवळीची उसळ. मुक्ता भरल्या पानावरून उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. हे मान खाली घालून जेवत राहिले. ते मी अजून विसरले नाही, तुमचं कसं विसरेन?

त्या दिवसापासून रोज दिवा लावताना देवीजवळ एकच मागत आले. भाऊजींना माझ्या दाराशी यायची वेळ आण. तिने ऐकलं.

तर खोलीचं असं आहे. भाऊजींनी स्वतःच्या हाताने दावितना पत्र लिहायचं. चुकलो म्हणायचं, आणि पुढच्या गौरीला आतल्या पंगतीत पहिलं पान त्यांचं, हेही लिहायचं. माझ्या नावे नको, ह्यांच्या नावे नको. दावितच्याच नावे. ते आलं की सत्यजित माझा मुलगा, गरम भाकरी मी थापून घालीन.

पत्र नाही आलं तरी जेवायला जरूर पाठवा. कागदी ताटल्या एक युरोला वीस मिळतात, आणून ठेवल्यात. बाल्कनीत खुर्ची आहे. जानेवारीत बाहेर बर्फ असतं, स्वेटर तेवढा जाड द्या.

मुक्ताला सातवा महिना आहे. तुम्हाला कळवायचं नाही, असं ठरवलं होतं. बाळंतिणीला लापशी आम्ही दोघी विहिणी करणार, तुम्ही पाठवलेल्या पिठाचीच.

हिशेबात खोट नको म्हणून तिळांचंही विचारून घेतलं. तीळ तेवढे आपल्याकडचे निघाले. म्हणून तेच परत पाठवते आहे. संक्रांतीला यंदा तुमच्याशी गोड बोलणं व्हायचं नाही. बाकीचं सगळं जावयाचं होतं, त्यांच्या घरी पोचलं.

काय ठरवताय ते भोगीच्या आत उलट टपाली कळवा. फोन करू नका, मी उचलणार नाही.

दावितची सासू,
मनोरमा