सगुणाबाईंची बोंब

१७ नोव्हेंबर

पुन्हा तारीख! पहाटे उठून वर्तकनगरहून निघाले, फोर्टात पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली, आणि आमचा नंबर लागलाच नाही. सगुणाबाई मासळीचा दिवस बुडवून आलेल्या. संध्याकाळपर्यंत हायकोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या. म्हणाल्या, "बाय, मना बोलाला कवा देतील?" मी म्हटलं, तुम्ही नाही हो, मी बोलायचं तुमच्या वतीनं. त्या हसल्या. मला हसूसुद्धा येईना.

१९ नोव्हेंबर

प्रकरण तसं साधं. होळीला त्यांच्या कोळीवाड्यात बोंबा मारतात. वर्षभर ज्याने छळलं त्याचं नाव घ्यायचं, आणि त्याने रागवायचं नाही, असा नेम. गेल्या होळीला सगुणाबाईंनी खाडीकाठच्या रंगाच्या कारखान्याच्या मालकाचं नाव घेतलं. 'खाडीत विष सोडणाऱ्याच्या नावानं' – पुढचं लिहीत नाही! व्हिडिओ फिरला, मालक भडकला. पाठोपाठ पोलिसांचा मनाई आदेश : यापुढे होळीला कोणाचंही नाव घेऊन बोंब मारायची नाही, शांतता भंगेल. त्याला आम्ही आव्हान दिलंय.

भंगेल म्हणे! त्या दिवशी साधी बाचाबाचीही झाली नव्हती.

२ डिसेंबर

दोन वाटा दिसतात. पहिली – बाई खरं बोलल्या, सगळ्यांच्या भल्याचं बोलल्या, आणि कलम एकोणीस असल्याच बोलण्यासाठी आहे. निर्बंध वाजवी आहे हे सरकारने दाखवावं. धोका खरोखर होता का? कमी जाचक उपाय नव्हता का? ढेकणासाठी घर जाळायचं नाही, एवढीच ती कसोटी. वकिली भाषेत तिची चाळीस पानं होतात.

दुसरी वाट – अहो, शिमगा आहे, कोण मनावर घेतंय? मग बंदी कशाला?

दुसरी सोपी आहे. पण मी पहिलीच धरणार. सगुणाबाईंना तसा शब्द दिलाय.

१० डिसेंबर

पाठ धरली आहे. काही लिहीत नाही.

१५ जानेवारी

आज उभी राहिले. पहिलीच वाट धरली होती, देवाशपथ! पाच मिनिटांत वरून प्रश्न – मॅडम, कारखान्याने विष सोडलं की नाही, ते आम्ही इथे ठरवायचं का? मागे प्रकरणांची रांग, पंखा गरगरतोय, सरकारी वकील घड्याळ बघतायत. मला तिथून फक्त घरी जायचं होतं. आणि तोंडून निघून गेलं, तेही मराठीत – "शिमग्याची बोंब कोणी खरी धरतं का, माय लॉर्ड?"

हशा पिकला. दोन्ही न्यायमूर्ती हसले. जिंकलो, हे तिथेच कळलं.

मागे वळले तर सगुणाबाई माझ्याकडे बघत होत्या. इतका वेळ चाललेलं इंग्रजी त्यांना कळलं नव्हतं. हे कळलं.

२२ जानेवारी

आदेश रद्द! प्रथेतली अतिशयोक्ती आहे, कोणीही समंजस माणूस तिला वस्तुस्थिती मानणार नाही, म्हणून बंदी गरजेपेक्षा जास्त – असं निकालात आहे. दिवसभर अभिनंदनाचे फोन.

दुपारी ठाण्याच्या ऑफिसात सगुणाबाई आणि त्यांचे यजमान दामाजी आले. मी पेढे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत.

"बाय, मी बोंबलली ती खोटी व्हती कं?"

"तसं नाही हो. पण यंदा तुम्हाला बोंब मारता येईल ना."

"बोंब माराला मिलल. पन आता आयकनार कोन?"

दामाजी म्हणाले, "चल गो, घरा चल."

गेल्या. मला रागच आला. मी यांचं काय घोडं मारलंय? पेढे मीच खाल्ले, तीन. गोड लागले नाहीत.

१८ फेब्रुवारी

दामाजींचा फोन. सगुणाबाईंनी खाडीच्या पाण्याबद्दल प्रदूषण मंडळाकडे वेगळी तक्रार केली होती, तिची आज सुनावणी झाली. कारखान्याच्या वकिलाने तिथे आमचाच निकाल वाचून दाखवला. या बाईचं बोलणं कोणी खरं धरत नाही, तिच्या वकीलबाईच तसं म्हणाल्या आहेत! तक्रार फेटाळली.

हे कायद्यात बसत नाही, अपील करू, मी घाईघाईने म्हटलं. "करा," म्हणाले. त्या एका शब्दाने मला रडू फुटलं. फोन ठेवल्यावर.

२ मार्च

होळी. कोणी बोलावलं नव्हतं, तरी कोळीवाड्यात गेले. नावं घ्यायला आता मोकळीक, त्यामुळे बोंबांना आणि हसण्याला ऊत आलेला. मग सगुणाबाई पुढे झाल्या. यंदा त्यांनी कारखानदाराचं नाव घेतलं नाही. माझं घेतलं.

कोणी हसलं नाही.