पाणथळीच्या रस्त्यावरच्या वसूताईस

प्रिय वसूताई,

किळस आली म्हणून लिहितेय. काल तुझ्या वर्षश्राद्धाच्या कार्यक्रमातून मी मधेच उठून आले. घरी येऊन बेसिनपाशी तोंडावर पाणी मारत उभी राहिले, तरी ती किळस जाईना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलतात लोक. आता हे कोणापाशी बोलू? म्हणून थेट तुलाच.

हॅमिल्टनमधली झाडून सगळी मराठी मंडळी होती. शाळेचा हॉल घेतला होता. टेबलावर तुझा फोटो, काठापदराच्या साडीतला, डोक्यावरून पदर घेतलेला. हा पदर कधी घेतलास गं? कोणाच्या तरी पूजेतला असणार. 'हे आटपा आता' असं तुझ्या तोंडावर स्वच्छ दिसतंय, पण ते वाचणारं तिथे कोणी नव्हतं.

आधी शैलावहिनी बोलल्या. तुझ्या सायकलच्या चड्डीला 'थेरं' म्हणणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईने मांड्या दाखवत फिरावं का, असं दर हळदीकुंकवाला विचारणाऱ्या त्याच शैलावहिनी. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाल्या, वसुधावहिनींच्या हातच्या पुरणपोळ्या आता कुठून मिळणार! तुझ्या हातच्या? दिवाळीत टोस्टला जॅम लावून खाणारी बाई तू! पुढच्या गृहस्थांनी तुला शांत आणि सोशिक म्हटलं. तिसऱ्यांनी सांगितलं, की नवऱ्याच्या शब्दाबाहेर वहिनी कधी गेल्या नाहीत. आणि भावोजी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

सायकल हा शब्द दोन तासांत एकदाही कोणी उच्चारला नाही. जणू तू काहीतरी लफडं केलं होतंस.

आपली ओळख आठवते? मी हॉस्पिटलच्या फार्मसीत नवीन होते. तू भूल देणारी डॉक्टर, सर्जनांनाही वेळेवर यायला लावणारी. कुठल्याशा इंजेक्शनवरून माझ्या खिडकीशी भांडायला आलीस आणि माझं आडनाव वाचून मराठीत भांडू लागलीस. भांडण संपल्यावर विचारलंस, "सायकल येते का तुला?" सांगलीला कॉलेजात सायकलनेच जायचे, म्हटलं. "मग रविवारी सकाळी ये. सामोसे आणू नकोस."

रविवारी तू मला शहराबाहेर नेलंस. अर्ध्या तासात घरं संपली आणि ताटासारखा सपाट मुलूख सुरू झाला. दोन्ही बाजूंना काळ्या पाण्याचे चर, कडेला फ्लॅक्सच्या झुडपांची तलवारीसारखी पानं, मधेच गाईंचे कळप, आणि लाल चोचीचे निळे पुकेको पक्षी रस्ता ओलांडताना वहाणा सांभाळत चालल्यासारखे. खालची माती इतकी भुसभुशीत, की डांबरी रस्ताही लाटांसारखा खालीवर झालेला. आणि वारा! आडोशाला टेकडी नाही, झाड नाही. तू म्हणालीस, माझ्या चाकामागे चाक ठेव, वारा मी खाते. मग थोड्या वेळाने ओरडलीस, की आता तू पुढे हो, मी काय तुझी आई आहे का.

त्या रस्त्यावरच तू मला तुझ्या लहानपणचं सांगितलंस. तुझे बाबा सैन्यात डॉक्टर. त्यांची बदली बंगालच्या सरहद्दीजवळच्या गावी झाली होती. असाच सपाट मुलूख, दोन्ही बाजूंना पाणी, आणि मधून एक रस्ता. तू बाबांची सायकल दांडीखालून पाय घालून चालवायचीस. रस्ता एका बांबूच्या आडकाठीपाशी संपायचा. पहारेकरी हसून बंगालीत म्हणायचा, खुकी, म्हणजे पोरी, घरी जा. तुला वाटायचं, पलीकडे रस्ता तसाच दिसतोय, पाणी तसंच आहे, बगळे तर येऊन जाऊन आहेत, मग मलाच परत का फिरवतात? "या देशाला आडकाठीच नाही बघ," तू म्हणाली होतीस. "सरळ गेलं की थेट समुद्र. इथे कोणी परत फिर म्हणत नाही."

म्हणणारे भेटलेच ना, ताई?

त्या वर्षी बाहेरून येणाऱ्या लोकांवरून पेपरात रोज काही ना काही छापून येत होतं. सुपरमार्केटात लोक जरा जास्तच वेळ बघायचे. आपण चराकाठच्या लांब रस्त्यावर होतो, तू पुढे, मी मागे. मागून एक यूट आली, शेतावरची, मागे उघडा हौदा असलेली गाडी. हौद्यात उभ्या असलेल्या तरुणाने बादली उपडी केली. चरातल्या ईल मासळ्या, सापासारख्या लांब, कित्येक दिवस उन्हात कुजलेल्या. त्या तुझ्या छातीवर, मानेवर पडल्या, तुझा तोल गेला आणि तू सायकलसकट चरात. "गो होम" एवढं मला नीट ऐकू आलं. मग हसणं.

मी तुला बाहेर ओढलं. तुझ्या केसांतून ते बुळबुळीत काहीतरी गळत होतं, आणि चरात गोठ्यांचं पाणी सोडलेलं. मला तिथेच ओकारी झाली. तू मात्र आधी चाक फिरवून पाहिलंस. मग मनगट दाबून पाहिलंस आणि म्हणालीस, मोडलेलं नाही, चल.

पुढच्या वस्तीत एकच डेअरी होती, दूध, ब्रेड, आइस्क्रीम विकणारं कोपऱ्यावरचं दुकान. बाहेर तीच यूट उभी. तो तरुण दुकानाच्या दारात खिमा भरलेली पेस्ट्री खात बसलेला. मला वाटलं तू आता त्याच्या थोबाडीत मारणार. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. सरळ दुकानात गेलीस आणि फ्रीजपाशी उभी राहिलीस.

दुकानदार गुजराती काका होते. वासाने त्यांनी नाकाला हात लावला. तू त्यांना काय झालं ते सांगितलंस. ते खालच्या आवाजात हिंदीत म्हणाले, बहेन, मला इथेच राहायचंय, ही सगळी माझी गिऱ्हाइकं आहेत, तुम्ही जा. त्यांचा चेहरा आठवला की अजून माझ्या घशाशी येतं. तो तरुण निदान उघड शत्रू होता.

तू गेली नाहीस. एक शेतकरी पेपर घ्यायला आला. तू त्याला केस-हिस्टरी सांगावी तशा आवाजात इंग्रजीत म्हणालीस, "गुड मॉर्निंग. हा वास माझा आहे. बाहेर बसलेल्या त्या तरुणाने माझ्यावर कुजके मासे टाकले." तो पेपर न घेताच गेला. मग एक बाई आली. तिलाही तेच. मग एक जोडपं. प्रत्येकाला तेच शब्द, त्याच आवाजात. काका गयावया करत होते. बाहेर तो तरुण उठून यूटकडे जायला लागला, पण तोवर दारात लोक जमले होते आणि त्याला नावाने ओळखणारे सगळेच होते.

शेवटी एक म्हातारी माओरी बाई आली. तिने ऐकून घेतलं, तुझ्या खांद्याला चिकटलेला तुकडा बोटाने उचलून पाहिला आणि बाहेर जाऊन त्या तरुणाला म्हणाली, "चांगलं अन्न होतं हे. तुझे आजोबा आमच्याच चुलीवरचे ईल खाऊन वाढले, विचार त्यांना." त्याची मान खाली गेली. ती आपल्याला समोरच्या तिच्या घरी घेऊन गेली. अंगणात नळीने तुझी सायकल आधी धुतली, कारण तू तसंच सांगितलंस. मग तुला टॉवेल दिला, चहा दिला. नळीच्या पाण्याखाली उभी राहून तू रडलीस, ते तिने आणि मी पाहिलं. दुसऱ्या कोणाला मी आजवर सांगितलेलं नाही.

आणि आपल्या माणसांनी काय केलं? पोलिसांत तक्रार नको, नावं खराब होतात, असं ठरवलं. ठरवायला तुला बोलावलंही नाही. शैलावहिनी म्हणाल्या, असे कपडे घातल्यावर दुसरं काय होणार. भावोजींनी सायकल गॅरेजमध्ये ठेवून कुलूप घातलं. पुढच्या रविवारी तू ते कुलूप तोडायला शेजाऱ्याकडून करवत आणलीस आणि पुन्हा त्याच रस्त्याने निघालीस. मी मागे होते. त्या दिवशी वारा तूच खाल्लास, मला पुढे येऊच दिलं नाहीस. शांत आणि सोशिक!

मग पोटाचं दुखणं निघालं, आणि तुला स्वतःलाच सगळं आधी कळलं. शेवटच्या उन्हाळ्यात चालवायची ताकद राहिली नाही, तेव्हा मी तुला गाडीतून त्या रस्त्याने न्यायचे. काच खाली करायला लावायचीस. मुरघासाचा, गाईंसाठी मुरवलेल्या चाऱ्याचा, आंबूस वास आत यायचा आणि तू म्हणायचीस, घाण वास आहे, थांबव जरा. एकदा म्हणालीस, "माझी सायकल ऋचाला. ती नको म्हणेल. तरी तिलाच."

तुझी लेक ऋचा तेव्हा पंधरा वर्षांची, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. नको म्हणायलाही तिला संधी मिळाली नाही. काल हॉलमध्ये मी भावोजींना विचारलं, सायकल कुठे आहे. ते ताटातली जिलबी मोडत म्हणाले, "ते भंगार? तेराव्याच्या आधीच टाकून आलो कचरा डेपोत. घरात नको वाटत होतं ते." आणि मग म्हणाले, जिलबी घे ना.

ताई, मी माझं ताट त्यांच्या हातात दिलं आणि उठले. त्यांनाही दुःख असेल, असं म्हणायचा मी रात्रभर प्रयत्न केला. जमलं नाही. ज्या बाईबरोबर संसार केला तिची एकुलती एक आवडती वस्तू कचऱ्यात टाकून तिच्या फोटोला हार घालता येतो, हे बघून माझं मन विटलंय.

पार्किंगमध्ये मागून ऋचा आली. म्हणाली, "मीनलमावशी, हू वॉज दॅट लेडी दे वर टॉकिंग अबाउट?" मी हसायला लागले आणि हसता हसता दोघी रडलो. मग तिने विचारलं, आई रविवारी नेमकी कुठे जायची?

आज सकाळी नेलं तिला. माझी सायकल तिला दिली आणि मी नवऱ्याची घेतली, माझे पाय धड पोचत नव्हते. ती वाऱ्यात धापा टाकत होती, चिडत होती, दोनदा थांबून घरी जाऊ म्हणाली. मी म्हटलं, माझ्या मागे राहा. मग माझ्या चाकामागे चाक ठेवून चालवत राहिली. परत येताना विचारलं, "वॉज शी नाइस? लाइक, रिअली?"

मी तिला म्हटलं, नेहमी नाही.

तेव्हा हे वचन घे माझ्याकडून. तिला मी तुझ्याबद्दल नुसतं चांगलं सांगणार नाही. तू भांडायचीस, तुला पंक्चर काढता यायचं नाही, भांडणात हरलीस की दोन दिवस फोन घ्यायची नाहीस, तिच्या शाळेच्या नाटकाला झोपली होतीस, सगळं सांगेन. त्यांनी तुला देवीसारखं भिंतीवर टांगलं आहे. मी जिवंत असेपर्यंत तुला तिथे राहू देणार नाही.

तुझी,
मीनल