सातव्या मिनिटाची घंटी

३ जानेवारी
विचार-उत्सवाची पत्रिका छापायला गेली. यंदाही माझं नाव शेवटच्या पानावर, चहावाल्याच्या खाली आणि मंडपवाल्याच्या वर. 'वेळनियंत्रक'. पाचवं वर्ष. विषय दिला होता मी: 'जंगल, शासन आणि माणूस'. सचिव खोब्रागडे म्हणतो, "पुढच्या वर्षी पाहू ना काकाजी. अन् तुमी बोलाले गेले तं घंटी कोन वाजवन? तुमच्यावानी कोनीच नाई वाजवत. वक्त्याच्या तोंडाकडे पायतच नाई तुमी."
कॉलेजात शिकवतो. पस्तिशीचा आहे. मी हेडक्लार्क होतो तेव्हा हा पाटीवर रेघोट्या ओढत असेल.
घंटी माझी स्वतःची. बैहरच्या वनविभागाच्या ऑफिसात रेंजरसाहेब चपराशाला बोलवायचे ती. निवृत्तीच्या दिवशी पिशवीत टाकून आणली. दोन मिनिटं उरली की एकदा वाजवायची, बाराव्या मिनिटाला दोनदा. मग वक्ता कितीही मोठा असो.

५ जानेवारी
खोब्रागडे घरी आला. वाटलं, माझ्या विषयाचं काही जमलं. चहा सांगितला. तो माझ्याशी बोलेचना. माझी बायको विमल अंगणात तांदूळ निवडत बसली होती, तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला. "सिस्टर, तीस वर्सं बैहरच्या दवाखान्यात काढले तुमी. जंगलातल्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगा ना उत्सवात. बाराच मिनिटं."
ती म्हणाली, "मले काय बोलता येते?"
मी म्हणालो, "खरं आहे ते."
तिने वर पाहिलं. माझ्याकडे, त्याच्याकडे नाही. मग म्हणाली, "हौ. बोलीन."
मी गप्प बसलो असतो तर ती नाहीच म्हणाली असती. स्वतःच्या जिभेने घात केला.

७ जानेवारी
वि.चं भाषण मीच लिहून दिलं. 'ग्रामीण मातृत्व : एक चिंतन'. साडेतीन पानं. सुरुवातीला संस्कृत, शेवटी शासनाचे आभार. मधे एकही बाई नाही, एकही गाव नाही. अशा जागी गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, चिंतन केलं की टाळ्या वाजवतात.
खरं कारण वेगळं आहे. पण ते आज नको.

९ जानेवारी
तालीम. वि. उभी राहून वाचते, मी घड्याळ घेऊन बसतो. 'संकल्पना' तिच्या जिभेवर बसत नाही. मी सात वेळा म्हणायला लावलं. सातव्या वेळी तिचा आवाज कापला. मी आठव्यांदा म्हणायला लावलं. मग पाणी पिऊन आली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, निमूटपणे. बरोबर बारा मिनिटं.
हा निमूटपणा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. चाळीस वर्षं त्यावर संसार चालला.

११ जानेवारी
जेवताना. मी भाकरी मोडतोय आणि ही सहज म्हणाली, "जीपची गोष्ट सांगू का तिथं?"
"कोणती जीप?"
"तुमच्या ऑफिसची."
मी म्हणालो, लिहून दिलंय तेवढं वाच. ती म्हणाली, "बरं." वरण वाढलं.
आता लिहूनच टाकतो. वहीला कुलूप नाही, पण लागतही नाही. हिला माझं अक्षर लागत नाही. "तुमचं अक्षर मुंग्यायवानी, मले नाई समजत," असं तीच म्हणते.
एकतीस वर्षांपूर्वी, बैहर. वि.ला सातवा महिना, तरी ड्यूटीवर. जंगलातल्या एका गावात बाई अडली म्हणून गेली होती. तिथून जंगलनाक्यावरच्या नाकेदाराच्या हाती चिठ्ठी पाठवली. बाई अडली आहे, मलाही दुखत आहे, जीप पाठवा. नाकेदार सायकल हाणत आला. जीप ऑफिसच्या मागच्या आवारात उभी होती. साहेब रजेवर, म्हणजे जीप माझ्या हातात. त्याच दिवशी आमच्याकडे व्याख्यान होतं. वक्ते बालाघाटहून आणायचे होते आणि त्यांची ओळख मी करून देणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा माईकवर.
नाकेदाराला म्हणालो, जीप नाही. जीप वक्त्यांना आणायला गेली.
वि. त्या बाईला घेऊन बैलगाडीतून आली. बाई वाचली. तिला मुलगी झाली, तीही वाचली. आमचं दुसऱ्या दिवशी गेलं. मुलगा होता. नंतर झालं नाही.
वि.ला सांगितलं, चिठ्ठी मला संध्याकाळी मिळाली. तिने विश्वास ठेवला. ठेवलाच असणार, एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. चिठ्ठी कुठे गेली आठवत नाही, फाडली असेल.
त्या व्याख्यानाचा विषय काय होता, तेही आठवत नाही. माझं प्रास्ताविक आठवतं. अजून म्हणून दाखवीन, एक शब्द चुकणार नाही.

१६ जानेवारी
वि. फोनवर हसत होती. मोठ्याने. कोण म्हणून विचारलं. "फुलवती." म्हणजे त्या दिवशी जन्मली ती मुलगी. नाव वि.नेच ठेवलेलं. आता तीही बैहरकडे दवाखान्यात कामाला आहे, वि.नेच चिकटवली. भाषण ऐकायला बसने येणार म्हणे.
मला ती मुलगी कधी आवडली नाही. तिचा काय दोष, हे मला समजतं. तरी नाही आवडत. दर वर्षी ती एक वर्षाने मोठी होते आणि मी घरात बसून त्या दुसऱ्या बाळाचं वय मोजतो.

१९ जानेवारी
खोब्रागडेकडे जाऊन वि.ची वेळ बदलून घेतली. उद्घाटनानंतर भरल्या मंडपात होती. ती जेवणानंतर दीडला टाकली. तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात आणि जे बसतात ते पेंगतात. कारण दिलं, तिला गर्दीची भीती वाटते. खोब्रागडे म्हणाला, "सिस्टरले? गर्दीची?" पण केलं त्याने.
वि.ला सांगितलं, समितीने बदललं. "बरं."

२३ जानेवारी
उत्सवाचा पहिला दिवस. मी मंचाच्या खाली डावीकडे, टेबल, घड्याळ, घंटी.
सकाळी नागपूरचे विचारवंत. 'समाजाने आता' इथे बारा मिनिटं झाली. दोन ठोके. समाजाने काय करायचं ते राहून गेलं. मग चित्रकार, त्याला स्वतःचं चित्र उलटं टांगलेलं दहाव्या मिनिटाला दिसलं. बासरीवालाही सोडला नाही, श्वास घेतल्याबरोबर वाजवली. लोक हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
दीडला वि. मंडप रिकामा नव्हता. दवाखान्यातल्या जुन्या बाया, कुठल्या कुठल्या गावच्या, डबे घेऊन मंडपातच जेवायला बसल्या होत्या. पुढच्या रांगेत फुलवती.
वि.ने माझी साडेतीन पानं टेबलावर ठेवली. वर पाण्याचा ग्लास ठेवला. चष्मा काढला.
"हे लिहून आनलेलं खूप चांगलं आहे. पन ते माहं नाही."
हशा. मग बोलायलाच लागली. अर्धं हिंदी, अर्धं आपलं. कंदील धरायला सासू नको, ती रडते, शेजारीण पाहिजे. नवरे कसे दाराबाहेर बिड्या ओढत मुलगा की मुलगी एवढंच विचारतात. बाया पोट धरून हसत होत्या. ज्या बाईला 'संकल्पना' म्हणता येत नाही तिने अख्खा मंडप हातात घेतला होता. मी चाळीस वर्षं जिच्याशी बोललो ती ही नव्हती. किंवा बोललोच नव्हतो.
मग एकदम आवाज खाली आणला.
"एक दिवस एक बाई अडली. मीबी सातव्या महिन्यात. मले दुखून राह्यलं होतं, तिले बी. मी नाकेदाराजवळ चिठ्ठी देली. म्हटलं, जीप येते. जीप तं यायच्याच हातात होती. आन् यायनं..."
मी वाजवली. दोनदा.
घड्याळात सहा मिनिटं पन्नास सेकंद.
तिने वाक्य पूर्ण केलं नाही. "घंटी वाजली," म्हणाली, चष्मा घातला, पायऱ्या उतरली. फुलवती उभी राहिली. "सिस्टर, आगे क्या हुआ?"
"टाइम हो गया, बेटा."
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत होते.
खोब्रागडेने मोबाइल पुढे धरला. "काकाजी, सात मिनिटं बी नाई झाले."
"नियम सगळ्यांना सारखा."
"नियम बारा मिनिटाचा आहे ना?"
मी म्हणालो, घड्याळ पुढे असेल. घड्याळ पुढे नव्हतं.
घर आल्यावर वि.ने विचारलं, "संध्याकाळी खिचडी चालन का?"

२४ जानेवारी
दुसरा दिवस. मी टेबलापाशी बसलो की लोक वळून पाहतात. एका कलावंताने माईकवरूनच हात जोडले, "बाबूजी, मुझे सातवें मिनट में मत उतारना." अख्खा मंडप हसला. काल बासरीवाल्यावर हसले होते तेच लोक.
फुलवती आमच्याकडेच उतरली आहे. दोघी स्वयंपाकघरात. मी पाणी घ्यायला गेलो की गप्प होतात. फुलवतीने ग्लास भरून दिला आणि खाली वाकून पाया पडली. मुद्दाम पडली की रीत म्हणून, ते कळलं नाही.
शेवटी मीच विचारलं, वि. एकटी असताना, "काय सांगणार होतीस पुढे?"
"कोनत्या पुढं?"
"मंचावर. 'यायनं' म्हणालीस."
"तुमाले म्हाईत आहे म्हनूनच तं वाजवली ना." कणीक मळत राहिली.
ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बाईला गप्प करता येतं.
पाचला खोब्रागडे आला. लोक मागे लागलेत, उद्या समारोपाआधी सिस्टरला पूर्ण अर्धा तास. मी म्हणालो, तिची तब्येत बरी नाही. वि. पदराला हात पुसत बाहेर आली.
"माहं बोलून झालं, सर. पुढची गोष्ट यायलेच ठाऊक आहे. मी तं बैलगाडीत होती. यायलेच बोलवा."
खोब्रागडे माझ्याकडे वळला. "काकाजी? बोलता? पाच वर्सापासून म्हनून राह्यले तुमी."
पाच नाही. एकतीस. त्या प्रास्ताविकानंतर मला पुन्हा कुणी माईक दिलेला नाही.
मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "विषय काय लिहाल?" असं विचारून बसलो. स्वतःची किळस आली, पण विचारलं खरं.
वि. म्हणाली, "'जीप' लिवा."
"अन् घंटी कोन वाजवन?" खोब्रागडेने विचारलं.
"माह्याजवळ द्या."

२५ जानेवारी, सकाळ
खोब्रागडेने नवा कागद छापून पाठवला. 'वक्ते' या शब्दाखाली माझं नाव. ठळक अक्षरांत. खाली कुणीच नाही. तीनदा वाचलं.
सहाला उठून भाषण लिहायला बसलो होतो. तीन कच्चे मसुदे. पहिल्यात चिठ्ठी संध्याकाळी मिळते. दुसऱ्यात जीप बिघडते. तिसऱ्यात नाकेदार दारू पिऊन वाटेत पडतो. तो वारला आहे, त्याला काय फरक पडतो? तिसरा सर्वांत चांगला जमला होता. तोच म्हणायचं ठरवलं.
मग ही वही उघडली. ११ जानेवारीच्या पानात एक कागद होता. चार घड्यांचा, पिवळा.
तिची चिठ्ठी. 'बाई अडली आहे. मलाही दुखत आहे. जीप पाठवा. विमल.' मागे माझ्या अक्षरात, मुंग्यांसारख्या: 'प्राप्त. स. १०.४०.' खाली तारीख, सही.
हाती कागद आला की मागे वेळ टाकून सही करायची, ही नोकरीची सवय. बायकोच्या चिठ्ठीवरही केली. आणि खिशात ठेवून व्याख्यानाला गेलो. तो शर्ट तिनेच धुवायला घेतला होता. दवाखान्यातून घरी आल्यावर, चौथ्या दिवशी.
म्हणजे तेव्हापासून ठाऊक आहे तिला. आणि अक्षरही लागतं तिला. किती वर्षं वाचते आहे ही वही, कोण जाणे. मी तिच्याबद्दल काय काय लिहिलं आहे, ते आठवण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.
वि., हे वाचशीलच. मी रडलो नाही. रडू यायला हवं होतं, आलं नाही. आधी वाटलं, चिठ्ठी जाळावी. काडेपेटी स्वयंपाकघरात होती आणि तिथे तू होतीस.
थोड्या वेळाने बाहेर गेलो. ती अंगणात बसून माझी घंटी चिंचेने घासत होती. फुलवती शेजारी. पितळ इतकं चकचकीत कधी नव्हतं.
मी विचारलं, "किती मिनिटं आहेत मला?"
"पायजे तेवढे."
"पण घंटी..."
"मी नाई वाजवनार," ती म्हणाली. "मी फक्त घेऊन बसतो समोर. तुमाले कोनी मधात थांबवनार नाई."

दुपार, साडेबारा
तिन्ही मसुदे फाडले. चौथा जमत नाही. चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आहे. मंचावर बाहेर काढीन की नाही, ते माहीत नाही. इस्त्रीचा शर्ट तिनेच काढून ठेवला होता, पांढरा. रिक्षा दोनला येणार आहे. दोघी तयार होऊन ओसरीवर बसल्या आहेत. कागदावर आतापर्यंत 'माननीय व्यासपीठ' एवढंच लिहिलं आहे.