फ्रिजला अहो-जाहो

३ जून
मासिकात कविता छापून आली! ‘जुन्या फ्रिजला’. खाली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात, पण असो. नव्या घराच्या स्वयंपाकघरात तो मावेना म्हणून धाकट्या बहिणीकडे धाडला, त्यावर सहज सुचलेली गंमत. बाबाही त्याच टेम्पोत पुढे बसून गेले. इथली आवराआवर होईपर्यंत, थोडे दिवस.

७ जून
काव्यकट्ट्यावर वाचली. काय ती चिरफाड! प्राध्यापक म्हणाले, फ्रिज म्हणजे व्यवस्था — दार उघडल्याशिवाय दिवा लावत नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, गर्भाशय. (त्यांना सगळीकडे गर्भाशयच दिसतं. देव त्यांच्या पेशंटांचं भलं करो!) वरच्या मजल्यावरच्या काकूंनी डोळे पुसले — “अगदी आमच्या ह्यांच्यावर लिहिलीत हो!” शेजारीच बसलेल्या ह्यांनी मान खाली घातली.

अरे, फ्रिज म्हणजे फ्रिज!

८ जून
सगळा घोळ शेवटच्या ओळीचा. कविताभर फ्रिजला ‘तू’ — ‘रात्रभर घरघरतोस, झोपू देत नाहीस’ — आणि शेवटी एकदम ‘आता तुम्ही तिकडेच बरे’. छपाईची चूक, दुसरं काय! संपादकांना फोन करून चांगलं झाडलं. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही पाठवलंत तसंच छापलंय.” मग म्हटलं, मात्रा जुळवायला केलं असेल. “पण कविता मुक्तछंदात आहे.”

शहाणा!

११ जून
धाकटीचा फोन. “दादा, फ्रिजला अहो-जाहो कधीपासून?” मी हसलो. ती नाही हसली. “बाबांना कधी नेतोस? रोज पिशवी भरून ठेवतात.” म्हटलं, अगं, त्यांच्या खोलीत सध्या माझं लिहायचं टेबल लागलंय, बघतो जरा. तिने फोनच ठेवला. हल्ली काही बोलायची सोय नाही!

बायको भाजी निवडत सगळं ऐकत होती. “आणि घरघर कसली रे? आपला फ्रिज कधी आवाज करायचा? इतका मुका, की चालू आहे का ते बघायला दार उघडावं लागायचं.”

कवीला तेवढं स्वातंत्र्य असतं, मी म्हटलं.

“हो ना. तेच घेतलंस,” म्हणाली आणि भाजी धुवायला गेली. जेवताना लक्षात आलं — नवा फ्रिज मात्र चांगलाच घुमतो.

१२ जून
प्राध्यापक माझ्या कवितेवर लेख लिहितायत म्हणे. लिहा, लिहा! व्यवस्थाच आहे ती. पहिल्यापासून व्यवस्थाच होती.

१४ जून
बाबांचा फोन. धाकटीकडे मासिक येतं, त्यात वाचली म्हणाले. “छान लिहिलीयस.” मग फोन ठेवता ठेवता —

“मी रात्री फार आवाज करायचो का रे?”