ज्युलियाँचं पत्र मी फोडलं

प्रिय बाई,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत, आणि मी जे वागलो त्यानंतर हा शब्द लिहायचा मला हक्क आहे का, माहीत नाही. पण ‘आदरणीय’ लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, सुनील, आता कशाला सोंग?

आज सकाळी रोह्याचा माझा मित्र दिन्या वडखळला गॅरेजवर आला होता. म्हणाला, रोह्यातला तुमचा फ्रेंच-स्पॅनिशचा क्लास या महिनाअखेर बंद होतोय. अकरा मुलं होती, चार उरली. शाळा म्हणते, चार मुलांसाठी रविवारची खोली उघडायला शिपाई कोण बोलवणार? तुमच्या जागी शिकवणाऱ्या मंजिरीने मुलांना सांगून टाकलंय. तुम्हाला जाऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत, बाई.

एवढं सांगून दिन्या माझ्याकडे बघत उभा राहिला. का बघत होता? त्याला आठवलं असेल का, क्लासबद्दल त्याच्या कानात पहिल्यांदा कोणी काय घातलं ते? मी पाना शोधायच्या निमित्ताने गाडीखाली गेलो. तिथेच ठरवलं, बाईंना लिहायचं. जी गोष्ट तुमच्या घरी येऊनही बोललो नाही, ती लिहून टाकायची.

मंजिरीवर मी कसा जीव टाकत होतो ते तुम्हाला ठाऊक होतं. सगळ्या पेणला ठाऊक होतं. एस.वाय.ला प्राध्यापकांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तेव्हा माझी आई म्हणाली, “तुजं डोकं हाय का चूल? सारखी पेटलेली.” मंजिरी मात्र एवढंच म्हणाली, “परीक्षेला तरी बस.” मी बसलो नाही. ती कॉलेजात आणि मी गॅरेजात, तेव्हापासून मला तिच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं. ती हसली तरी संशय, गप्प बसली तरी संशय.

त्यात तुमचा तो क्लास. गुडघ्यांमुळे तुम्हाला पेणहून रोह्याला जाणं होईना, म्हणून दर रविवारी पॅसेंजरने मंजिरी जायची. आठवी-नववीची मुलं, फ्रेंच सगळ्यांना, आणि ज्यांना झेपेल त्यांना स्पॅनिश. रोह्यात स्पॅनिश कशाला, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “बाईंना येतं म्हणून.” हे काय उत्तर झालं? मला वाटलं, लपवतेय.

आणि मग ती पाकिटं. पातळ निळा कागद, वर परदेशातलं जुनं तिकीट, पुरुषी तिरकं अक्षर. मी विचारलं, कोणाची पत्रं? म्हणाली, क्लासची. क्लासला कोण पत्रं लिहितं? “नाही सांगता येणार, सुनील. बाईंना शब्द दिलाय.”

शब्द! माझ्यापेक्षा मोठा शब्द?

बाई, इथे तुमच्यावर माझा राग आहे, आणि तुम्ही गेलात म्हणून तो कमी झालेला नाही. एका माणसाला सांगायची परवानगी तिला दिली असतीत तर काय बिघडलं असतं? नंतर तुमच्या घरी आलो तेव्हा मी हे तुमच्या तोंडावर विचारलं होतं. तुम्ही चहा गाळता गाळता म्हणालात, “तू ते दिन्याला सांगितलं असतंस.” मी चिडलो. पण तुम्ही नेमकं दिन्याचंच नाव का घेतलंत? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का सगळं?

कारण मी दिन्याला सांगितलं होतं. खरं नाही, माझ्या मनातलं. रोहा स्टेशनबाहेर चहा पिताना म्हणालो होतो, “तुझी बहीण प्राची त्या क्लासला जाते ना? लक्ष ठेव. पेणची बाई तिथे पोरींना मुलांची पत्रं पोचवते.” एवढं एकच वाक्य. हे ते पाकीट फोडायच्या आधीचं, मला काही म्हणजे काही माहीत नसतानाचं. दिन्याने घरी सांगितलं. त्याच्या आईने कॉलनीत सांगितलं.

पुढच्या रविवारी मी मंजिरीच्या मागच्या डब्यात बसून रोह्याला गेलो. ती फळा पुसत असताना तिच्या पिशवीतून पाकीट काढलं आणि मुलांसमोर फोडलं. वाचता कुठे येतंय? खालचं नाव तेवढं लागलं.

“कोण हा जुलिएन?”

दोन मुलं माझ्या उच्चाराला फिसकन हसली. प्राची उभी राहिली. “सुनीलदादा, ते माझं हाय. ज्युलियाँ माझा पत्रमित्र हाय.”

मला वाटलं, पढवलेली आहे. मी तुमच्याबद्दल बोललो, बाई. काय बोललो ते लिहीत नाही. मंजिरी सगळं ऐकत होती. आधी तिच्याबद्दल बोललो तोवर ती फळा पुसत राहिली. तुमच्यावर गेलो तेव्हा तिने खडू खाली ठेवला.

“बाई लिहितात,” ती म्हणाली. “सगळी पत्रं बाई लिहितात. ज्युलियाँ नाही. स्पॅनिशवाली पिलार पण नाही. कोणीच नाही.”

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “मग पिलारच्या मांजरीला चार पिल्लं झाली ती?”

मंजिरीने माझ्या हातातून पत्र काढून घेतलं. माझ्याशी ती त्यानंतर आजपर्यंत बोललेली नाही.

आठ दिवसांनी मी तुमच्याकडे आलो तो माफी मागायला, असं तुम्हाला वाटलं असेल. खोटं. मी खात्री करायला आलो होतो. तुम्ही खरंच लिहिता का ते बघायला! तुम्ही वही उघडलीत आणि माझ्यासमोर तीन अक्षरं काढून दाखवलीत. तिरकं ज्युलियाँचं, गोल पिलारचं, आणि तुमचं स्वतःचं, औषधाच्या चिठ्ठीसारखं. मग मी फोडलेलं पत्र मराठीत वाचून दाखवलंत. ज्युलियाँ प्राचीला विचारत होता, तुझे मामा धरमतरला समुद्राच्या पाण्यातून मीठ काढतात म्हणजे नक्की काय करतात? पाणी कुठे जातं? मीठ कसं ओढतात? पायांना झोंबत नाही का?

“पुस्तकातला पॅरिसचा मनोरा मुलांना दोन ओळींत संपतो,” तुम्ही म्हणालात. “पण ज्याला मिठागर माहीत नाही त्याला मिठागर सांगायचं, तर शब्द शोधावे लागतात. प्राचीने मागच्या पत्रातच यासाठी सोळा नवे शब्द शोधलेत.”

मी काय म्हणालो आठवतं? “तुम्ही तेच वाचताय कशावरून?”

तुम्ही रागावला नाहीत. “शंका असेल तर शीक आणि वाच,” म्हणालात. मला तो टोमणा वाटला. कॉलेज सोडलेल्याला मारलेला. चहा तसाच ठेवून मी निघून आलो. तो टोमणा होता का, बाई? आता कोणाला विचारू?

आणि एक सांगा, मुलांशी तरी खोटं का बोललात? मी आडदांड, पण मी कोणाला नसलेला मित्र दिला नव्हता. यावर तुमच्याशी भांडायचं ठरवलं होतं. दोनदा तुमच्या आळीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलो. तिसऱ्यांदा आलो तर दाराशी चपलाच चपला होत्या. कावीळ अंगावर काढलीत म्हणे. मंजिरी आत होती. मी बाहेरूनच स्मशानापर्यंत मागे मागे चाललो.

आता जे लिहायला बसलोय ते. सात मुलं क्लासमधून गेली ती ज्युलियाँ नाही हे कळलं म्हणून नाही. मुलं तर पुढच्या रविवारीही आली होती. नेलं ते आईबापांनी. प्राचीचे वडील मला परवा त्यांच्या कंपनीच्या गेटवर भेटले. प्राची अजून क्लासला जाते का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, “बाई स्वतःच पत्रं लिहायच्या म्हणे! सारवासारव हो, दुसरं काय? आपली मुलगी आहे, आपण डोळे उघडे ठेवायला नकोत?”

माझंच वाक्य. चार-पाच महिने रोह्यात फिरून जाडजूड होऊन माझ्याकडे परत आलं होतं. आणि मी काय केलं? मान हलवली. हो, काका, बरोबर आहे.

म्हणून शब्द देतो. उद्या दुपारची सुट्टी सांगून ठेवलीय. पहिल्यांदा दिन्याच्या घरी, प्राचीच्या वडिलांसमोर. मग कॉलनीतली तिघं, अष्टमी गावातली दोघं, आणि कोलाडचा एक मुलगा. सातही घरी जाऊन सांगणार, ही अफवा मी उठवली, मी, सुनीलने, एका मुलीच्या मागे डोकं फिरलेलं असताना. बाईंबद्दल वावगं काही नव्हतं. कोणी मारलं तर मार खाणार. उलटून हात उचलणार नाही, हे माझ्यासाठी किती अवघड आहे ते तुम्हाला माहीत आहे.

पण हे लिहिताना माझा मलाच संशय येतोय. मी हे क्लाससाठी करतोय, की मंजिरीच्या कानावर जावं म्हणून? सात घरांपैकी एक तरी तिला सांगेल आणि ती एखाद्या रविवारी गॅरेजवर येईल, असं मघाशी मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू?

तेव्हा आणखी एक शब्द. प्रत्येक घरात उठताना सांगणार की मी आलो होतो हे मंजिरीला कळू देऊ नका. मुलांना रविवारी पाठवा, बस. तिला वाटू दे, लोकांनाच आपणहून सुबुद्धी झाली. ती मला आयुष्यभर तोच सुनील समजली तरी चालेल.

चालेल असं लिहिलंय, बाई. चालणार नाही. तरी नाही सांगणार.

तुमचा चहा तसाच टाकून गेलेला,
सुनील